अर्पणपत्रिकेतली अमेरिका

(अंबाजोगाई येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातली वळणे शक्यतो तशीच ठेवली आहेत.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, 'अमेरिकन क्रांती आणि तिच्यामागचे विचार'. मी फोनवरच म्हणालो, अहो, मी मराठीचा मास्तर. फिलाडेल्फिया नकाशात दाखवीन, त्यापुढं माझा अधिकार नाही. ते म्हणाले, सर, तुम्ही कुठूनही सुरू करा. म्हणून मी आपल्या अंगणातून सुरू करतो. एका मराठी पुस्तकाच्या अगदी पहिल्या पानापासून.

पुस्तक 'गुलामगिरी', साल १८७३, लेखक जोतीराव गोविंदराव फुले. हे पुस्तक लेखकानं आईवडिलांना, गुरूला किंवा कुठल्या संस्थानिकाला अर्पण केलेलं नाही. ते अर्पण केलंय अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतल्या सदाचारी लोकांना. कशासाठी? तर त्यांनी निग्रो गुलामांना मुक्त करण्याच्या कामी जो निःस्वार्थीपणा दाखवला, त्याच्या सन्मानार्थ. पुढं आशा अशी व्यक्त केलीय, की माझे देशबांधव हा कित्ता गिरवतील आणि आपल्या शूद्र भावंडांना ब्राह्मणी दास्यातून सोडवतील.

हे पान आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे. जयंतीच्या भाषणात ते येतंच. पण कुणी ते वाचलंय असं मला वाटत नाही. ऐकणं वेगळं, वाचणं वेगळं. त्या पानाकडं दोन तऱ्हांनी बघायची आपली सवय आहे आणि दोन्ही मला पटत नाहीत.

पहिली तऱ्हा कालव्याची. म्हणजे विचाराचं धरण फिलाडेल्फियात, तिथून कालवा काढला, पाणी पुण्यात आलं. जोतीरावांनी थॉमस पेन वाचला, मग त्यांना समता समजली. दुसरी तऱ्हा विहिरीची. आमच्या विहिरीला काय कमी पाणी होतं? तुकोबा होते, चक्रधर होते, बसवेश्वर होते. बाहेरच्या पाण्याची गरज काय? दोन्हीकडचे लोक वाद घालतात आणि मधल्यामधे पुस्तक राहून जातं. पाणी कुठून आलं याचाच शोध चाललाय. त्यानं त्यावर पीक काय घेतलं, ते कुणी बघत नाही.

आता पेनबद्दल थोडं सांगतो, कारण त्याच्याशिवाय पुढं जाता येणार नाही. हा मूळचा इंग्लंडातला, थेटफर्ड गावचा, जन्म १७३७. बाप बायकांच्या चोळ्यांना आकार देणाऱ्या कमची बसवायचा, पोरगाही तेच शिकला. मग जकातीच्या खात्यात चिकटला, तिथून काढला गेला. धंदा बुडाला, संसार मोडला. १७७४ साली, सदतीस वर्षांचा असताना, हा गडी अमेरिकेत उतरला. जानेवारी १७७६ मध्ये त्यानं 'कॉमन सेन्स' नावाची पुस्तिका छापली. किती खपली यावर विद्वानांचा वाद आहे, पण वसाहतीभर वाचली गेली आणि मोठ्यानं वाचून दाखवली गेली, यावर नाही. नंतर १७९१-९२ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन', मग १७९४-९५ मध्ये 'एज ऑफ रीझन', ज्यात त्यानं बायबलचीच चिरफाड केली. या शेवटच्या पुस्तकानं त्याचा घात केला. ज्या अमेरिकेनं त्याला डोक्यावर घेतलं होतं, तिनंच तोंड फिरवलं. १८०९ साली न्यूयॉर्कात वारला, तेव्हा पुरायला मोजकी पाच-सहा माणसं होती.

धनंजय कीर चरित्रात सांगतात की १८४७ च्या सुमारास, मिशनच्या शाळेतून बाहेर पडताना, जोतीराव आणि त्यांच्या मित्रांनी पेनचं 'राइट्स ऑफ मॅन' वाचलं. शिवाजी महाराजांचं आणि जॉर्ज वॉशिंग्टनचं चरित्रही वाचलं. वीस वर्षांची पोरं ही. आता विचार करा, पेननं त्यांना नेमकं काय दिलं असेल? 'सगळी माणसं सारखी' हे वाक्य? ते वाक्य तर आपल्या कीर्तनातही होतं. मला वाटतं, पेननं त्यांना एक युक्ती दिली. लिहिण्याची युक्ती.

'कॉमन सेन्स'मध्ये पेन राजेशाहीचा उगम शोधतो. राजा देवानं पाठवला म्हणता, तर चला, पहिल्या राजापर्यंत मागं जाऊ. आणि मागं जाऊन काय सापडतं, तर एका लुटारू टोळीचा म्होरक्या. इंग्लंडच्या राजघराण्याचा मूळपुरुष हा सशस्त्र टोळी घेऊन समुद्रापलीकडून आलेला आगंतुक. त्याच्या दंडेलीला पुढं पवित्र वंशावळ चिकटली. झालं. इतकंच. पण या एवढ्याशा हालचालीनं सिंहासनाखालची सतरंजी ओढली जाते.

आता 'गुलामगिरी' उघडा. जोतीराव काय करतात? अवतारांची यादी घेतात आणि एकेकाला टोळीचा म्होरक्या करतात. मत्स्य म्हणजे समुद्रातून आलेली पहिली टोळी, मग कच्छ, मग वराह, नरसिंह, वामन, परशुराम. प्रत्येक अवतार ही एक स्वारी. आणि ज्याला वामनानं पाताळात घातलं तो बळी, तो इथला राजा. पुराणाचा क्रम तोच, पात्रं तीच, फक्त फिर्यादी आणि आरोपी यांच्या जागा बदलल्या. ही पेनची युक्ती आहे, पण माल शंभर टक्के आपल्या घरचा आहे. आपल्याकडं दिवाळीच्या पाडव्याला बाया 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणत ओवाळतात. त्या बाईला पेन माहीत असण्याची गरज नाही. जोतीरावांनी पेनचं पातं घेतलं आणि दांडा त्या ओवाळणीतून घेतला.

कुणी म्हणेल, हा इतिहास म्हणून टिकत नाही. नाहीच टिकत. मत्स्यावतार ही जहाजावरची टोळी होती याला पुरावा नाही आणि आर्यांच्या स्वारीचं ते चित्र त्या काळच्या युरोपियन पंडितांकडून आलेलं होतं. मी 'गुलामगिरी' इतिहासाचं पुस्तक म्हणून शिकवत नाही. ब्रह्मदेवाच्या मुखातून ब्राह्मण जन्मला असेल तर मुखाला विटाळ येत होता काय, तेव्हा ते बाजूला कुठं बसत, असं जोतीराव विचारतात. वर्गात हा भाग आला की पोरं हसतात आणि पोरी खाली बघतात. मग एखादी वर बघते. त्या वर बघण्यासाठी तो भाग लिहिलेला आहे.

इथपर्यंत पेनचं झालं. पण अमेरिकेतून आपल्याकडं एकच अमेरिका आलेली नाही. दोन आल्या आणि त्या एकमेकींच्या वैरिणी होत्या.

दुसरी अमेरिका प्युरिटनांची. १६३० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर उतरलेले हे लोक. आपण देवाशी करार केलाय, सगळ्या जगाचे डोळे आपल्यावर आहेत, अशी यांची खात्री. धर्मस्वातंत्र्यासाठी आले, असं शाळेत शिकवतात, ते स्वतःपुरतं. १६६० साली बॉस्टनमध्ये मेरी डायर नावाच्या बाईला त्यांनी फासावर दिलं, ती क्वेकर पंथाची होती म्हणून. पण याच कडक लोकांनी १६४७ मध्ये कायदा केला, की ज्या गावात पन्नास घरं आहेत त्या गावानं लिहायला-वाचायला शिकवणारा मास्तर ठेवलाच पाहिजे. कारण? माणसाला पवित्र ग्रंथापासून अडाणी ठेवणं हा सैतानाचा जुना डाव आहे.

थांबा जरा इथं. धर्म म्हणतो, ग्रंथ प्रत्येकानं स्वतः वाचला पाहिजे, नाहीतर सैतान जिंकतो. आणि आपल्याकडचा धर्म काय म्हणत होता? शूद्रानं आणि बाईनं ग्रंथ ऐकलासुद्धा तर पाप. पन्नास घरांचं गाव! आपल्या पाटोदा-शिरूरच्या डोंगरपट्ट्यात पन्नास घरांच्या वस्तीला शाळा मिळायला पुढची तीनशे वर्षं लागली, आणि काही ठिकाणी मिळालेली शाळा आता पट कमी म्हणून बंद होण्याच्या वाटेवर आहे. असो. तो आजचा विषय नाही.

या प्युरिटनांच्या वंशातून १८१० साली बॉस्टनच्या परिसरात अमेरिकन बोर्ड नावाची मिशनरी संस्था निघाली. तिची पहिली माणसं, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट, १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचली. कंपनी सरकार त्यांना परत धाडायला टपलेलं होतं. पुढं १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, ठाणं दिलं. म्हणजे आपल्या आष्टीच्या शिवेला लागूनच की! आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, नगर इंग्रजांच्या. पण बाजार नगरचा, सोयरीक नगरची. तिथंच १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघालं. तिथंच सिंथिया फेरार नावाची अविवाहित अमेरिकन बाई मुलींच्या शाळा चालवायची; ती १८२७ च्या शेवटी मुंबईत आली आणि १८६२ मध्ये इथंच वारली. जोतीरावांनी फेरारबाईंची शाळा स्वतः जाऊन पाहिली आणि ती पाहून आपल्याला कसा हुरूप आला, हे नंतर सांगितलं. १८४८ ची पुण्यातली शाळा तुम्हाला माहीत आहेच.

आता गंमत बघा. मिशनऱ्यांना पेन म्हणजे विष. कलकत्त्याला अलेक्झांडर डफ हा स्कॉटिश मिशनरी कपाळाला हात लावून सांगतो, की अमेरिकेतून जहाज भरून पेनच्या पुस्तकांच्या स्वस्त प्रती आल्या आणि आमची पोरं त्यावर तुटून पडली. आपल्याकडंही मिशनऱ्यांशी वाद घालणाऱ्या पंडितांच्या हाती पेन लागला होता: बायबलविरुद्ध वापरायला बरा! म्हणजे पेनला पंडित वापरतात पाद्र्यांविरुद्ध; मिशनची शाळा पेनला बंदी घालते; आणि हा पुण्याचा माळी शाळा मिशनची घेतो, पुस्तक पेनचं घेतो आणि दोन्ही तिसऱ्याच ठिकाणी वळवतो. ख्रिस्ती होत नाही. नास्तिकही होत नाही. अमेरिकेत या दोन घरांचं पाणीसुद्धा एकमेकांना चालत नव्हतं.

त्यातून 'निर्मिक' हा शब्द आला. मराठीत देवाला नावं काय कमी होती? ईश्वर, परमेश्वर, नारायण, विठ्ठल. मिशनऱ्यांनीही देव, परमेश्वर हेच शब्द घेतले. जोतीरावांनी नवा शब्द पाडला. का? कारण प्रत्येक जुन्या नावाला एक देऊळ चिकटलेलं होतं आणि देवळाला पुजारी. निर्मिकाचं देऊळ नाही. अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यातही असंच झालंय. तिथं निर्माता आहे, निसर्गाचा देव आहे, पण येशू नाही, बायबल नाही. जेफर्सननं म्हातारपणी तर पातं घेऊन बायबलमधले चमत्कार कापून काढले आणि उरलेल्याची वही केली. दोघांनाही हक्क देणारा असा कुणीतरी हवा होता, ज्याच्या वतीनं मधला दलाल बोलू शकणार नाही.

पण फरक इथंच सुरू होतो आणि तो फरक म्हणजे माझ्या भाषणाचा खरा मुद्दा आहे.

जेफर्सननं हक्क निर्मात्याकडून आणले आणि घरी आयुष्यभरात सहाशेवर माणसं गुलाम म्हणून ठेवली. वॉशिंग्टन १७९९ मध्ये वारला तेव्हा त्याच्या माउंट व्हर्ननच्या वाडीवर तीनशेहून अधिक गुलाम होते. १७८७ च्या राज्यघटनेनं गुलामाची मोजणी पाच-तृतीयांश, चुकलो, तीन-पंचमांश माणूस अशी केली. तीही त्याला मत द्यायला नाही, त्याच्या मालकाच्या राज्याला प्रतिनिधी जास्त मिळावेत म्हणून. आणि जाहीरनाम्यातला 'माणूस' हा पुरुष होता, हे वेगळं सांगायला नको.

जोतीरावांचं शेवटचं पुस्तक 'सार्वजनिक सत्यधर्म'. पक्षाघातानं उजवा हात गेल्यावर डाव्या हातानं लिहिलेलं, १८९१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर छापलेलं. त्यात तुम्ही मोजायला बसा, 'स्त्री-पुरुष' ही जोडी किती वेळा येते. वाचणाऱ्याला कंटाळा येईल इतक्यांदा. 'सर्व एकंदर स्त्री-पुरुष', पुन्हा 'स्त्री-पुरुष', पुन्हा तेच. शैलीचे रसिक नाक मुरडतात. मी म्हणतो, मुरडा. जाहीरनामा फार देखणा आहे, त्याच्या एका देखण्या शब्दात निम्मी माणसं गायब झाली आणि ती परत आणायला अमेरिकेला १९२० साल उजाडलं. जोतीराव हक्काच्या बाबतीत सुबक लिहीत नाहीत, ते शेतीच्या खातेउताऱ्यासारखं लिहितात. प्रत्येकाचं नाव लागलं पाहिजे.

तर मग असा सावध माणूस अमेरिकेची इतकी भाबडी स्तुती का करतो? 'गुलामगिरी' छापली त्याच वर्षी, एप्रिल महिन्यात, लुइझियानात कोलफॅक्स या गावी गोऱ्यांच्या जमावानं मुक्त झालेल्या काळ्या माणसांची कत्तल केली. साठ ते दीडशे असे वेगवेगळे आकडे आहेत. तीन वर्षांनी तिथल्या सुप्रीम कोर्टानं शिक्षा झालेल्यांना सोडून दिलं. ज्या मिशनची शाळा जोतीरावांनी नगरला पाहिली, त्या मिशनवर अमेरिकेत गुलामगिरीविरोधी लोक चिडलेले होते: तुम्ही मालकांना दुखवत नाही, गप्प बसता. त्याच रागातून १८४६ मध्ये त्यांनी वेगळी मिशनरी संस्था काढली. म्हणजे 'सदाचारी लोक' हा काही एकजिनसी समाज नव्हता. ते मुळात थोडे होते. १६८८ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या जर्मनटाउनच्या चार क्वेकरांनी गुलामगिरीविरुद्ध पहिला अर्ज लिहिला, तिथपासूनचे थोडे लोक.

हे वाचून मी बरीच वर्षं अर्पणपत्रिकेला पुस्तकातली कमजोर जागा मानत आलो. वर्गातही तसंच सांगितलं. नंतर एकदा इंग्रजी प्रस्तावना पुन्हा वाचताना चूक लक्षात आली. ही प्रस्तावना आपले मराठीचे लोक वाचत नाहीत, इंग्रजीत आहे म्हणून. आणि इंग्रजीचे लोक पुढचं वाचत नाहीत, मराठीत आहे म्हणून. तर त्या प्रस्तावनेत जोतीराव काय म्हणतात? युरोपियनांनी अमेरिकेत वस्ती करताना तिथल्या मूळ रहिवाशांवर, इंडियनांवर, जे क्रौर्य केलं, त्याचा जोड आपल्याकडं सापडतो: आर्यांनी इथल्या मूळ लोकांना जिंकलं तेव्हा.

बघा म्हणजे. अर्पणपत्रिका आणि हे वाक्य यांच्यात पाच-दहा पानांचं अंतर. अर्पणपत्रिकेत अमेरिकन म्हणजे गुलाम सोडवणारे सज्जन. प्रस्तावनेत अमेरिकन म्हणजे जमीन बळकावणारे, म्हणजे आर्यभटांचे जोडीदार. हे विसरून झालेलं नाही. जोतीराव पुढं मराठीतही भेद करून सांगतात, की तिकडचे काळे लोक धरून आणून विकले गेले आणि इकडचे शूद्र जिंकले गेले, एवढाच काय तो फरक. ज्याला विकलेला आणि जिंकलेला यातला फरक कळतो, त्याला अमेरिकेचे दोन्ही चेहरे माहीत आहेत.

मग अर्पणपत्रिकेचा अर्थच बदलतो. ती अमेरिकेला लिहिलेली नाही. अमेरिकेत कोण वाचणार होतं ती? ती पुण्यातल्या शनिवार-नारायण पेठेला लिहिलेली आहे, अमेरिकेच्या खांद्यावरून. तुमच्यासारखेच जेते होते ते. तुमच्यासारखाच त्यांनी धर्मग्रंथ पुढं केला होता. त्यांच्यातल्या काहींनी तरी लाज वाटून घेतली. तुम्ही कधी घेणार? इथं स्तुतीतूनच टोमणा मारलेला आहे. आपल्याकडं सासू शेजारच्या सुनेचं कौतुक करते ना, तसं. ऐकायला शेजारची असते, टोचायला घरची.

तरीही माझी एक तक्रार उरतेच, आणि ती मी मागं घेणार नाही. या पानात मुक्ती देणारे दिसतात, घेणारे दिसत नाहीत. यादवी युद्धात सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे सैनिक उत्तरेकडून लढले. फ्रेडरिक डग्लस, जो स्वतः गुलामीतून पळाला, त्यानं १८५२ मध्ये रोचेस्टरला भर सभेत विचारलं की तुमचा चार जुलै आमच्या काय कामाचा. हे लोक अर्पणपत्रिकेत नाहीत. परोपकारी सोडवतो, दीन सुटतो, अशी ती रचना आहे आणि ती मिशनची रचना आहे, पेनची नाही. पण पान उलटलं की पुस्तकात काय आहे? जोतीराव आणि धोंडिबा समोरासमोर बसलेत. एक विचारतो, एक सांगतो. मिशनच्या छापखान्यातून प्रश्नोत्तराच्या पुस्तिका निघायच्या, त्यात प्रश्न ठरलेला, उत्तर ठरलेलं, पोरानं फक्त पाठ करायचं. धोंडिबा पाठ करत नाही. तो शंका काढतो, अडतो, मधेच संतापतो. त्या खोलीत कुणी परोपकारी नाही. दोघं शूद्र बसून आपली आपण उकल करतायत. माझ्या मते पुस्तक आपल्या अर्पणपत्रिकेच्या पुढं निघून गेलंय.

एक शब्दाची गोष्ट सांगतो आणि थांबतो, कारण ती अंबाजोगाईत सांगण्यासारखी आहे. या पुस्तकाच्या कपाळावर 'गुलामगिरी' का? 'दास्य' का नाही? आत 'दास्यत्व' येतं, तो शब्द त्यांना वर्ज्य नव्हता. पण आपण ज्या गावात बसलोय त्या गावचा अभिमान कोण? दासोपंत. कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिणारे दासोपंत. आपल्याकडं 'दास' ही पदवी आहे. रामदास, एकनाथांच्या घरचं जनार्दनाचं दास्य, नवविधा भक्तीतली दास्यभक्ती. दास म्हटलं की हात आपोआप जोडले जातात. जो शब्द ऐकून माणसाचे हात जुळतात, त्या शब्दानं बेडी दाखवता येत नाही. 'गुलाम' हा अरबी, 'गिरी' फारसी. त्या शब्दाला कुठलीही भक्ती चिकटलेली नाही. आपल्या निजामी मुलखात तर तो कचेरीतला, बाजारातला, पत्त्याच्या डावातला शब्द. हा माझा तर्क आहे, जोतीरावांनी कुठं तसं लिहून ठेवलेलं नाही. पण इंग्रजी 'स्लेव्हरी' मराठीत आणताना त्यांनी जो शब्द निवडला, त्यात नुसतं भाषांतर नाही, आख्ख्या भक्तिपरंपरेशी एक भांडण आहे.

माझं बोलणं संपलं. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

(प्रश्नोत्तरांपैकी एक:)

प्रश्न (एक विद्यार्थिनी): सर, माझे आई-वडील कोयत्यावर जातात. दिवाळी झाली की कारखान्याला, ते होळीनंतर परत. मुकादमाची उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पण त्याच्याकडंच जावं लागतं. याला गुलामगिरी म्हणायची का?

उत्तर: बाई, कायद्यानं म्हणशील तर वेठबिगारी १९७६ च्या कायद्यानं बंद आहे. कागदावर तुझे वडील मोकळे मजूर आहेत. पण तू विचारलंस म्हणून सांगतो, या प्रश्नाला अमेरिकेत सगळ्यात जवळचं जे आहे ते गुलाम नाहीत, त्याच्या आधीचे करारी नोकर आहेत. इंग्लंडातले गरीब लोक. जहाजाचं भाडं द्यायला पैसे नाहीत, म्हणून भाड्याच्या बदल्यात चार ते सात वर्षं मालकाकडं राबायचा करार. भाडं म्हणजे त्यांची उचलच. व्हर्जिनियाची तंबाखूची शेती आधी अशा लोकांनी केली. मालकाला तो करार दुसऱ्याला विकता यायचा. पळून गेलं की मुदत वाढायची. पण मुदत संपली की मालकानं काहीतरी देऊन सोडायचं, अशी रीत होती. कपडे, कुदळ, धान्य, कुठंकुठं जमीनही. उचलीला मुदत नाही. बाकी पुढच्या वर्षावर ओढली जाते.

प्रश्न: त्यात बायका पण असायच्या?

उत्तर: असायच्या. बहुतेक लग्न न झालेल्या. दिवस गेले तर त्यांची मुदत वाढवायचे, हा कायदाच होता.

प्रश्न: मग त्यांचा करार त्यांच्या नावावर असायचा?

उत्तर: हो. ज्याचं त्याचं नाव, ज्याची त्याची मुदत.

विद्यार्थिनी: आमच्याकडं नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात सर. उचल वडिलांच्या हातात देतात, अंगठा वडिलांचा. आईचं नाव कुठंच नसतं.